बोट लागते का हो? (पहिलीच क्रूझ, सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा)

पहिलाच_प्रवास:

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही चौघं (मी, नवरा, मुलगा वय ९, सासूबाई वय ७१) सात रात्रींच्या क्रूझला जायचं ठरवतोय. बार्सिलोनाहून निघून बार्सिलोनालाच परत. कागदावर मार्सेय, फ्लोरेन्स, रोम, नेपल्स अशी नावं आहेत आणि मध्ये दोन पूर्ण दिवस समुद्रात. बुकिंग अजून केलेलं नाही, त्यामुळे कितीही मूलभूत सांगितलंत तरी चालेल.

माझे प्रश्न:

सासूबाईंना गाडी लागते. बसमध्ये पुढची सीट लागते, नाहीतर तोंडाला रुमाल. मग बोटही लागणारच का? की एवढं मोठं जहाज असतं तर कळतच नाही?

त्यांचे गुडघे दुखतात. चालतात, पण सावकाश, आणि जिने नको असतात.

केबिन बाल्कनीची घ्यावी की आतली? नवरा म्हणतो समुद्र दिसला नाही तर क्रूझला जायचं कशाला. मला वाटतं खोलीत बसायला कोण जातंय. आणि चौघांनी एका खोलीत राहायचं की दोन घ्यायच्या?

सामानाबद्दल, वेळेबद्दल, काही फजिती झाली असेल तर तेही सांगा. माहितीपत्रकात फक्त हसणारी माणसं दिसतात, त्यावरून काही कळत नाही.

---

खडूस_काका:

तरंगता मॉल. पाच हजार माणसं एका डब्यात घालून रोज सकाळी एका गावात ओतायची आणि संध्याकाळी परत गोळा करायची, याला प्रवास म्हणत नाहीत. व्हेनिसने उगाच नाही २०२१च्या ऑगस्टपासून २५ हजार टनांवरची जहाजं जुडेका कालव्यातून बंद केली. तेवढ्याच दिवसांत एका गावात मुक्काम करा, सासूबाईंचे गुडघेही वाचतील.

---

निळीशाई:

काका, तुमच्याकडे शेवटी येते. आधी मुलीच्या प्रश्नांची उत्तरं.

अगं, माझ्या आत्तापर्यंत चार क्रूझ झाल्या. पहिली इतकी वाईट झाली की दुसरीचं बुकिंग मी नवऱ्यापासून महिनाभर लपवून ठेवलं होतं. म्हणून पहिलीचंच सांगते, त्यात तुझी निम्मी उत्तरं आहेत.

साउथहॅम्प्टनहून लिस्बनला जाणारं जहाज. केबिन मी निवडली होती. माझा हिशोब हॉटेलचा: जितका वरचा मजला तितकी खोली भारी. त्यामुळे अकराव्या डेकवर, अगदी पुढच्या टोकाला, बाल्कनीची. दुसऱ्या दिवशी बिस्केचा उपसागर लागला. दुपारी पोहण्याच्या तलावातलं पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावायला लागलं, मग त्यांनी तलाव रिकामा करून वर जाळी बांधली. संध्याकाळी जेवायला निघाले तर लिफ्टजवळच्या कठड्यात कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या. छान घडी घालून, ओळीने. मी भाबडेपणाने नवऱ्याला म्हटलं, बघ, किती सोय, कचऱ्यासाठी पिशव्या ठेवल्यात. तो काही बोलला नाही. त्याने एक घेतली आणि मागे फिरला.

रात्रभर कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते. टक टक टक, थांबायचे, आणि जहाज दुसऱ्या बाजूला झुकलं की पुन्हा टक टक टक. पहाटे तीनला उठून मी सगळे हँगर काढून टॉवेलमध्ये गुंडाळले. कप्तान मधूनमधून 'समुद्र मध्यम आहे' असं सांगत होता. त्या माणसाचं 'तीव्र' काय असतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

चूक जहाजाची नव्हती, खोलीची होती. सी-सॉवर बसलेली मुलं आठव. टोकावरचं मूल वर-खाली होतं, मधल्या दांड्याजवळ बसलेल्याला काहीच होत नाही. जहाजाचं तेच. डावी-उजवीकडे डोलणं कमी करायला पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात त्यांना. पण पुढचं टोक वर जाऊन खाली आदळणं त्यांना थांबवता येत नाही. आणि जितकं वर जाशील तितका झोका मोठा. म्हणजे सगळ्यात स्थिर खोली ती, जी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर. गंमत अशी की अशा खोल्या बऱ्याचदा स्वस्तही असतात, कारण सगळे माझ्यासारखा हॉटेलचा हिशोब करतात.

तर सासूबाईंसाठी: लांबीच्या मध्ये, खालचा डेक, लिफ्टपासून जवळ. लिफ्ट महत्त्वाची, कारण मोठं जहाज तीनशे मीटर लांब असतं. खोली एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असली की दिवसातून तीन वेळा जाऊन-येऊन गुडघ्यांचे काय हाल होतील बघ.

बोट लागते का? जूनमध्ये भूमध्य समुद्र बहुधा शांत असतो, बिस्केसारखं नाही. पण ज्यांना गाडी लागते त्यांनी तयारीनिशीच जावं. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात खोली जागच्या जागी आहे, आणि या भांडणात पोट बिघडतं. म्हणून बंद खोलीत पडून राहणं सगळ्यात वाईट. बाहेर डेकवर, मध्यभागी, लांब क्षितिजाच्या रेषेकडे बघत बसायचं. वाचायचं नाही, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. आलं चघळायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही. जहाजांवर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं सुचवतात, त्याने माझ्या नवऱ्याला थोडं बरं वाटलं. गोळी घ्यायची असेल तर मळमळायच्या आधी, नंतर तिचा फार उपयोग नाही. कानामागे लावायचा पॅच मिळतो, तो निदान चार तास आधी लावावा लागतो आणि तीन दिवस चालतो. पण तो म्हाताऱ्या माणसांना कधी गोंधळल्यासारखं करतो, काचबिंदू असेल तर चालत नाही, आणि मुलांना द्यायचा नसतो. सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नकोस. गोळी असो वा पॅच, घरी एकदा घेऊन बघा. नवऱ्याने पहिल्यांदा गोळी जहाजावरच घेतली आणि अख्खं लिस्बन झोपेत पाहिलं.

आता बाल्कनी. तुझी सहल अशी आहे की रोज सकाळी बंदर, दिवसभर बाहेर, संध्याकाळी दमून परत. बाल्कनीत बसणार कधी? आमची अलास्काची क्रूझ मात्र उलटी होती. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोन मोठी जहाजं सोडतात. जहाज हिमनदीसमोर जाऊन सावकाश गोल फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतं. तिथे मी शाल गुंडाळून बाल्कनीत तीन तास बसले होते. बर्फाचा कडा कोसळला की आधी दिसतं, आवाज मागाहून येतो. तिथे बाल्कनीचे पैसे वसूल. तुझ्या सहलीत मी तरी देणार नाही.

आतल्या खोलीची एकच गोम. दिवा बंद केला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. पहिल्या सकाळी आम्ही अकराला उठलो आणि वाटलं पहाट आहे. उपाय साधा आहे. टीव्हीवर एक वाहिनी असते, तिच्यावर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र चोवीस तास दिसतं. आवाज बंद करून ती रात्रभर चालू ठेवायची. रात्री अंधार, पहाटे आपोआप उजाडतं. मुलाला तर हे फार आवडेल.

आणि डेकचे नकाशे बघताना फक्त आपली खोली बघू नकोस, तिच्या वर काय आहे आणि खाली काय आहे तेही बघ. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर उत्तम. दुसऱ्या क्रूझला आमच्या डोक्यावर तलावाचा डेक होता. पहाटे पाचला कोणीतरी शंभर खुर्च्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. रोज. पाचला.

बाकी घड्याळाचं आणि बंदरांचं उद्या लिहिते, ते मोठं प्रकरण आहे.

---

डेक_चार:

निळीशाई ताई, त्या खुर्च्या ओढणारे आम्हीच. मी सहा वर्षं जहाजावर केबिन सांभाळायचं काम केलंय. पाचला डेक धुवायचा असतो, सहाला पहिला पाहुणा टॉवेल टाकून खुर्ची अडवायला येतो, मग कधी धुणार?

पहिलाच_प्रवास, माझ्याकडून चार गोष्टी.

आजींच्या खोलीत बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, चार-पाच बोटं उंच. रात्री अर्धवट झोपेत लोक तिथेच अडखळतात. मी सहा वर्षांत जे बघितलं त्यात बोट लागण्यापेक्षा उंबऱ्याने जास्त माणसं पाडली. पहिल्याच दिवशी आजींना दिवसाउजेडी चार वेळा आत-बाहेर करायला लावा. बाथरूमचा दिवा रात्री चालू ठेवा, दार थोडं उघडं. बाहेरच्या कॉरिडॉरला दोन्ही बाजूंना कठडा असतो, समुद्र शांत असला तरी तो धरूनच चालायची सवय लावा.

हात साबणाने धुवा. दारात ते जेल देतात ते ठीक आहे, पण जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस असतो तो अल्कोहोलच्या जेलला फारसा दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी. बुफेचा सामाईक चमचा हातात घेतल्यावर जेवायच्या आधी पुन्हा. उलटी-जुलाब झाले तर लपवू नका. लोक लपवतात, खोलीत बंद करतील म्हणून, आणि मग अख्खा डेक आजारी पडतो.

एक्स्टेन्शन बोर्ड आणू नका, सर्ज प्रोटेक्टर असलेला तर नाहीच. इस्त्री, किटली पण नाही. बॅग तपासताना काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. आगीची भीती, दुसरं काही नाही. जहाजावर आगीइतकी कशालाच माणसं घाबरत नाहीत. त्याऐवजी लोहचुंबकाचे हुक आणा. खोलीच्या भिंती पत्र्याच्या असतात, टोप्या, पिशव्या, ओले कपडे सगळं टांगता येतं.

चौथं बक्षिसीचं. बहुतेक जहाजांवर ती रोज माणशी ठरलेल्या दराने तुमच्या खात्यात आपोआप लागते. नऊ वर्षांच्या मुलाचीही. बजेट करताना ती आधीच धरा, म्हणजे शेवटच्या सकाळी काउंटरवर वाद घालत उभं राहावं लागणार नाही. ती रांग मी रोज बघायचो.

---

पहिलाच_प्रवास:

बाप रे, उंबऱ्याचं तर डोक्यातच आलं नसतं. डेक_चार दादा, खूप आभार.

निळीशाई काकू, बोट लागण्याचं नवऱ्याला वाचून दाखवलं, बाल्कनीवरून तो थोडा नरमलाय. पण दोन खोल्यांचं राहिलं. एजंट म्हणतो, आईंना वेगळी खोली घेतली तर एकटीला जवळजवळ दोघांचे पैसे पडतील.

---

निळीशाई:

एजंट खरं बोलतोय, पण अर्धं. क्रूझचे दर खोलीत दोन माणसं धरून असतात. म्हणून कागदावर सासूबाई आणि नातू एका खोलीत, तुम्ही दोघं दुसऱ्या खोलीत. दोन-दोन. मग जास्तीचा आकार लागत नाही. प्रत्यक्षात रात्री कोण कुठे झोपतं ते तुमचं तुम्ही बघा. खोल्या शेजारी-शेजारी घ्या, किंवा मधलं दार असलेल्या. चौघं एका खोलीत राहता येतं, वरून खाली ओढायचे पलंग असतात, पण मग सकाळी चौघांना एका बाथरूमची रांग आणि त्या बाथरूममध्ये वळायचं तर आधी बाहेर यावं लागतं. नातवाला आजीच्या खोलीत ठेवलंस तर उंबऱ्याचीही राखण होईल.

आता घड्याळ.

तिसरी क्रूझ कॅरिबियनची. जूनमध्ये मायामीहून. कोझुमेल नावाच्या बेटावर उतरलो. जहाजाचं घड्याळ मायामीचं. कोझुमेल मेक्सिकोच्या ज्या राज्यात आहे तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, म्हणजे जूनमध्ये तिथली वेळ मायामीपेक्षा एक तास मागे. जहाजावर परतायची शेवटची वेळ साडेचार. माझा फोन बेटावर उतरल्या-उतरल्या तिथला टॉवर पकडून शहाण्यासारखा एक तास मागे गेला आणि मला कळलंही नाही. आम्ही निवांत. फोनवर तीन वाजले होते, नवरा म्हणाला चला, हळूहळू निघू, मी म्हटलं अजून दीड तास आहे, ती टोपी बघते. मग सहज नवऱ्याच्या मनगटाकडे लक्ष गेलं. त्याचं जुनं चावीचं घड्याळ, ते कुठल्या टॉवरचं ऐकत नाही. त्यात चार वाजले होते.

मी माझ्या वयात इतकी पळालेली नाही. धक्क्यावर पोचलो तेव्हा चार सत्तावीस. वरच्या बाल्कन्यांमधून लोक टाळ्या वाजवत होते. क्रूझवाल्यांचा तो ठरलेला खेळ आहे, उशिरा पळत येणाऱ्यांना टाळ्या. मी हात हलवला, दुसरं काय करणार. आमच्या मागून एक जोडपं आलं नाही, आणि जहाज निघालं.

जहाज थांबत नाही, अगं. बंदराचं भाडं, जहाजाला बंदरातून बाहेर काढणारा पायलट, पुढच्या बंदरातली जागा, सगळं तासावर बांधलेलं असतं. जहाजाने काढलेली सहल उशिरा आली तर बहुधा थांबतात, कारण ती त्यांची जबाबदारी. स्वतःच्या हिमतीवर हिंडणाऱ्यासाठी नाही. राहिलेल्या माणसाने जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटकडे जायचं आणि पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने यायचं. निघण्याआधी जहाजवाले त्याच्या खोलीतली तिजोरी उघडून पासपोर्ट सापडला तर एजंटकडे देऊन जातात म्हणे.

तेव्हा एक साधं घड्याळ मनगटावर, जहाजाच्या वेळेला लावलेलं. फोनचं घड्याळ आपोआप बदलायची सोय बंद. तुझ्या चारही बंदरांत वेळ एकच आहे, तिथे गोंधळ होणार नाही, पण सवय लाव. आणि फोन जहाजात चढताच विमानाच्या मोडवर. नाहीतर तो जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि बिल आल्यावर कळतं.

पहिल्या दिवशी विमान आणि त्याच दिवशी जहाज, असं करू नकोस. आदल्या दिवशी बार्सिलोनाला पोच. विमान चार तास उशिरा आलं तर विमान कंपनी माफी मागते. जहाज माफी मागायलाही थांबत नाही.

---

खडूस_काका:

टोपी घेतली का शेवटी?

---

निळीशाई:

घेतली. उडून गेली दुसऱ्याच दिवशी.

काका, आता तुमचं. तुम्ही म्हणता ते निम्मं मला मान्य आहे. पहिल्या क्रूझवर मी सगळं करायला गेले. प्रत्येक बंदर, प्रत्येक कार्यक्रम, रात्रीचा नाच, सकाळचा योग. कार्यक्रमांचा जो कागद रोज रात्री खोलीत ठेवतात त्यावर पेनने खुणा करून फिरत होते, वेळापत्रक घेऊन फिरणाऱ्या शाळेच्या बाईसारखी. परत आले तेव्हा काय पाहिलं ते आठवेना. बंदरांना नुसता हात लावून येणं, हे तुमचं बरोबर.

पण मुली, तुझ्या कागदावरची नावं नीट वाच. तिथे 'रोम' लिहिलंय, जहाज रोमला जात नाही. रोमला बंदर कुठे आहे? ते चिवितावेक्कियाला लागतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ट्रेनने जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच, वर स्टेशनपर्यंतचं चालणं. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लोरेन्स ऐंशी-नव्वद किलोमीटर. पिसा मात्र लिव्होर्नोपासून हाकेच्या अंतरावर आहे. नेपल्स प्रामाणिक, जहाजातून उतरलं की समोर किल्ला आणि शहर सुरू. हे सगळीकडे चालतं. पॅरिस लिहितात आणि ल आव्रला नेतात, दोनशे किलोमीटरवर. बर्लिन लिहितात आणि वार्नेम्युंडेला उतरवतात, तिथून तीन तास.

आता ७१ वर्षांचे गुडघे घेऊन एकाच आठवड्यात रोम आणि फ्लोरेन्स दोन्ही? मी तर सांगेन, एक सोड. अख्खं सोड. त्या दिवशी जहाजावरच राहा.

हे मला चौथ्या क्रूझवर कळलं, तेही नाइलाजाने. सँटोरिनीला जहाजाला धक्काच नाही. समुद्रात थांबतं, लहान बोटीतून खालच्या जुन्या बंदरात नेतात आणि गाव वर कड्यावर. वर जायला केबल कार, किंवा गाढव, किंवा साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. सकाळी माझा पाय मुरगळला होता. नवरा एकटा गेला आणि मी जहाजावर राहिले.

अगं, जहाज रिकामं. ज्या तलावात आदल्या दिवशी बोट बुडवायला जागा नव्हती तिथे मी आणि दोन आज्या. लिफ्ट हाक मारली की हजर. वाचनाच्या खोलीत काचेला लागून खुर्ची, आणि समोर अख्खं सँटोरिनी, कड्यावर मीठ सांडल्यासारखी पांढरी घरं. वरून ते मला दिसलं नसतं, वर असलेल्याला आपण कशावर उभे आहोत ते दिसत नाही. केबल कारच्या रांगेत नवरा परतताना दीड तास उभा होता. संध्याकाळी तो उन्हाने लाल होऊन आला आणि मी त्याच्यापेक्षा जास्त सँटोरिनी पाहिली होती. तो हे मान्य करत नाही.

त्या लहान बोटींवरून आठवलं. त्याला टेंडर म्हणतात. जहाज आणि टेंडर दोन्ही आपापल्या तालात हलत असतात आणि मधली फट ओलांडायची असते. खलाशी दोन्ही हात धरतात, पण पाऊल आपल्यालाच उचलायचं. तुझी बंदरं मोठी आहेत, तिथे बहुधा जहाज थेट धक्क्याला लागेल, पण बुक करायच्या आधी कुठे टेंडर आहे का विचारून घे. व्हीलचेअर लागणार असेल तर आपली ने. जहाजवाले चढताना-उतरताना देतात, आठवडाभर वापरायला बहुधा देत नाहीत. आणि प्रवासाचा विमा घेताना समुद्रातून हॉस्पिटलमध्ये हलवायचा खर्च त्यात आहे का ते बघ. जहाजावर दवाखाना असतो, पण छोटा आणि महाग.

---

डेक_चार:

ताईंच्या 'एक बंदर सोडा'ला माझा पूर्ण पाठिंबा. बंदराच्या दिवशी जे पाहुणे मागे राहायचे ते आम्हाला ओळखीचे व्हायचे. बाकीच्यांची फक्त बिछान्याची घडी ओळखीची.

एक राहिलं. पहिल्या दिवशी निघायच्या आधी सुरक्षेची कवायत असते, मस्टर ड्रिल. हल्ली बरीच जहाजं व्हिडिओ मोबाइलवर दाखवतात आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन फक्त हजेरी द्यायची. लोक कंटाळा करतात. १३ जानेवारी २०१२ला कोस्टा कॉन्कॉर्डिया जीलिओ बेटाजवळ खडकावर गेलं, ३२ माणसं गेली. ते जहाज त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाहून निघालं होतं आणि तिथे चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हा नियमात चोवीस तासांची मुभा होती. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी करावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलाला पाठ करून द्या. मुलं विसरत नाहीत. आणि आजींना घेऊन खोलीपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने जाऊन या, कितीही सावकाश. आगीत लिफ्ट बंद असते. चढता-उतरताना मदत लागेल असं स्वागतकक्षात आधीच नोंदवलंत तर तशा वेळी कर्मचारी खोलीवर येतात.

---

पहिलाच_प्रवास:

ठरलं. खालचा डेक, मधल्या भागात, दोन आतल्या खोल्या शेजारी-शेजारी, लिफ्टपासून तिसरं-चौथं दार. नकाशात वर-खाली खोल्याच आहेत, तपासलं. फ्लोरेन्सच्या दिवशी आई आणि मी जहाजावर, नवरा आणि मुलगा पिसाचा मनोरा बघून येतील. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, मला सोडून जाण्यासाठीच नेताय." मग समजावलं.

सामानाचं तेवढं सांगा काकू, म्हणजे मी सुटले.

---

निळीशाई:

सामान बंदरात देऊन टाकायचं असतं, ते संध्याकाळी कधीतरी खोलीच्या दाराशी येतं. आमचं एकदा रात्री नऊला आलं. म्हणून एक हातातली पिशवी: औषधं, कागदपत्रं, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि मुलाचा पोहायचा पोशाख. तो चढल्या-चढल्या तलाव मागणार.

शेवटच्या रात्री याच्या उलट. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या खाली धक्क्यावर मिळतात. नवऱ्याने लिस्बनच्या सहलीत शिस्तीत सगळं भरलं, कुलूप लावलं, बॅग बाहेर ठेवली आणि झोपला. सकाळी उठून बघतो तर अंगावर झोपायचा पायजमा आणि पायात जहाजाच्या पांढऱ्या सपाता. पँट बॅगेत, बॅग धक्क्यावर. माझ्या स्वेटपँटमध्ये उतरला. गुलाबी होती.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पँट खुर्चीवर.

---

खडूस_काका:

फोटो आहे का?

---

निळीशाई:

आहे. देणार नाही.